चार मिलिमीटरचा लोचा

माळ्यावर किंवा एखाद्या काकांच्या गॅरेजमध्ये १९८०च्या दशकातली रेसिंग सायकल धूळ खात पडलेली असते. स्टीलच्या बारीक नळ्या, तिरक्या नळीवर गिअरचे दोन दांडे. दिसायला कसली भारी! पण चढ आला की घाम फुटतो. पुढे ४२ दाते, मागे फार तर २४. म्हणजे पेडलच्या एका फेऱ्यात मागचं चाक पावणेदोन फेरे फिरणार. आजच्या ३४-३४ जोडीवर तेच फक्त एक फेरा. आठवडाभर खुर्चीत बसलेल्या गुडघ्यांना हा फरक बरोब्बर कळतो.

मग लावा की नवे गिअर! पण इथेच गोची आहे. सहा-सात गिअरच्या त्या फ्रेममध्ये मागचं चाक जिथे बसतं, तिथली रुंदी असते १२६ मिलिमीटर. आठ ते अकरा गिअरच्या चाकाला लागतात १३०. (डिस्क ब्रेकवाल्या बारा गिअरच्या सेटचा मोह सोडाच, त्याला १४२ लागतात.)

स्टीलची फ्रेम असेल तर ती दोन्ही बाजूंना दोन-दोन मिलिमीटर वाकवता येते, तीही थंडच, अजिबात न तापवता. ॲल्युमिनियम किंवा कार्बन असेल तर हात लावू नका. तडा गेला की फ्रेम गेलीच समजा. वाकवताना दोन्ही बाजू सारख्या सरकायला हव्यात. मागच्या एका टोकापासून हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या टोकापर्यंत दोरा ताणा आणि सीटच्या नळीपासूनचं अंतर दोन्हीकडे मोजा. मागचा गिअर जिथे लटकतो तो कानही सरळ करून घ्या. तो तिरका राहिला तर महागडा गिअरसुद्धा खडखडणारच.

चाकं २७ इंची असतील तर आणखी एक भानगड. नवी ७००सी रिम त्रिज्येने चार मिलिमीटर लहान असते. ब्रेकचे रबर तेवढे खाली सरकतात का, ते चाकं घेण्याआधीच बघा.

एवढा खटाटोप नको? मग सात गिअरचा फ्रीव्हील घ्या, तो १२६मध्येच बसतो. त्यात मोठा २८ दात्यांचा बघा. जुना मागचा गिअर तेवढा पेलतो का, एवढं मात्र विचारून घ्या. आणि ते जुने, क्लिक न होणारे दांडे? त्यांना गिअर किती हे कळतच नाही, सातही चालतात! हँडलवरचे शिफ्टर लावलेच, तरी ते डब्यात जपून ठेवा. इटलीतल्या टस्कनीत १९९७ पासून होणाऱ्या ‘एरोइका’ राइडला १९८७ च्या आधीच्या सायकली लागतात, आणि दांडे तिरक्या नळीवरच!