तापाच्या रुग्णाला दिवसाही मच्छरदाणी का?

घरात डेंग्यूचा रुग्ण असला की सारे त्याच्या औषधपाण्याची काळजी घेतात. परंतु त्याला दिवसाही मच्छरदाणीत झोपवावे, असा सल्ला दिला की तो अनेकांना अनावश्यक वाटतो. ज्याला आजार झालाच आहे त्याला आणखी एक डास चावल्याने काय बिघडणार, असे नातेवाईक विचारतात. प्रश्न वाजवी आहे. बिघडते ते रुग्णाचे नव्हे, तर घरातील इतरांचे आणि शेजाऱ्यांचे. ते कसे, हे समजण्यासाठी डासाच्या पेशींत काय घडते ते पाहावे लागते.

डेंग्यूचा प्रसार प्रामुख्याने एडिस इजिप्ती या डासाची मादी करते. तिला अंडी घालण्यासाठी रक्त लागते, आणि ते ती बहुधा दिवसा, विशेषतः सकाळी व सूर्यास्तापूर्वीच्या काही तासांत शोधते. रुग्णाच्या रक्ताबरोबर विषाणू तिच्या पोटात जातो. मात्र डास म्हणजे एका अंगातून दुसऱ्या अंगात रक्त नेणारी सुई नव्हे. विषाणूला आधी तिच्या आतड्याच्या पेशींत शिरावे लागते, तेथे वाढावे लागते, मग शरीरभर पसरून लाळग्रंथी गाठाव्या लागतात. या प्रवासाला सामान्यतः ८ ते १२ दिवस लागतात; उष्ण हवेत कमी, थंड हवेत अधिक. विषाणू एकदा लाळेत उतरला, की ती मादी मरेपर्यंत चाव्यातून आजार देऊ शकते.

या काळात डासाला ताप येत नाही, तो मलूल पडत नाही, त्याचे उडणे थांबत नाही. माणसाला अंथरुणाला खिळवणारा विषाणू डासाला इतका सोसवतो कसा? याचे बरेचसे उत्तर त्याच्या पेशींतील प्रथिनांत आहे.

प्रथिने म्हणजे पेशीचे कामकरी. कोणी अन्नापासून ऊर्जा काढते, कोणी पेशीचा आकार सांभाळते, कोणी इतर प्रथिनांची घडी नीट बसवते. डेंग्यूच्या विषाणूकडे असे कामकरी जवळजवळ नसतातच. त्याच्याजवळ असतो एक आरएनएचा धागा. पेशीत शिरताच हा धागा पेशीच्याच यंत्रणेकडून वाचला जातो आणि सुमारे ३,४०० अमिनो आम्लांची एक लांबलचक साखळी तयार होते. ती ठरावीक जागी कापली जाऊन विषाणूची १० प्रथिने सुटी होतात. त्यांपैकी ३ नव्या विषाणूच्या बांधणीत जातात. उरलेली ७ पेशीचा कारभार विषाणूच्या सोयीने चालवतात.

मग पेशीची स्वतःची प्रथिने बदलू लागतात. एकाएकी इतकी नवी प्रथिने घडवावी लागल्याने घडी बसवणाऱ्या मदतनीस प्रथिनांचे प्रमाण वाढते. साखरेपासून ऊर्जा काढणाऱ्या विकरांचे प्रमाण पालटते. विषाणूला नव्या प्रती काढण्यासाठी पेशीतील पातळ पडद्यांचा आधार लागतो, म्हणून मेद तयार करणारी यंत्रणाही कामाला लागते. या धावपळीत पेशीत घातक ऑक्सिजन-संयुगे साठतात. त्यांना निष्प्रभ करणारी प्रथिनेही वाढतात. या शेवटच्या बदलामुळे पेशी मरत नाही. ती जगते आणि विषाणू बाहेर टाकत राहते. विषाणूच्या दृष्टीने हेच लाभाचे, कारण मेलेला डास कोणाला चावत नाही.

हे ज्ञान मिळाले ते संसर्ग झालेल्या व न झालेल्या पेशींतील प्रथिने वेगळी करून, त्यांचे वस्तुमान सूक्ष्म यंत्रांनी मोजून आणि दोन्ही नोंदी शेजारी ठेवून. अशा अभ्यासासाठी प्रयोगशाळेत वाढवलेल्या डासाच्या पेशी लागतात. जगभर वापरल्या जाणाऱ्या पेशींचे मूळ पुण्यात आहे, हे येथे आवर्जून सांगण्याजोगे. तेथील विषाणू संशोधन केंद्रात, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत, डॉ. के. आर. पी. सिंह यांनी १९६७ साली एडिस अल्बोपिक्टस या डासाच्या अळ्यांपासून पेशींचा एक वंश तयार केला. त्याचीच १९७८ मध्ये निवडलेली ‘सी६/३६’ ही शाखा आज अनेक देशांत डेंग्यूच्या अभ्यासासाठी वापरली जाते. या पेशींत विषाणू जोमाने वाढतो, कारण विषाणूच्या आरएनएचे तुकडे करणारे डासाचे एक संरक्षक प्रथिन त्यांच्यात सदोष आहे. त्यामुळे तेथे दिसलेली प्रत्येक गोष्ट जिवंत डासात तशीच घडेल असे मानता येत नाही. ती डासातही पडताळावी लागते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. विषाणूच्या १० प्रथिनांपैकी एनएस-१ हे प्रथिन रुग्णाच्या रक्तात मोठ्या प्रमाणात मिसळते. तापाच्या पहिल्या पाच दिवसांत दवाखान्यात जी ‘एनएस-१’ तपासणी करतात, ती याच प्रथिनाचा शोध घेते. संशोधनात असे आढळले आहे, की रक्ताबरोबर डासाच्या पोटात गेलेले हे प्रथिन तेथील संरक्षण ढिले करते, आणि विषाणूला आतड्याच्या पेशींत शिरणे सोपे जाते. म्हणजे तापाचा रुग्ण डासाला नुसता विषाणूच देत नाही, तर त्याच्यासाठी दार उघडणारे प्रथिनही देतो.

रुग्णाच्या रक्तात विषाणू ताप येण्यापूर्वी सुमारे दोन दिवसांपासून ताप उतरल्यानंतर सुमारे दोन दिवसांपर्यंत असू शकतो. ताप येण्यापूर्वीचे दिवस आपल्या हाती नाहीत, पुढचे आहेत. म्हणून ताप असेपर्यंत आणि त्यानंतर आणखी दोन दिवस रुग्णाला दिवसाही मच्छरदाणीत ठेवावे. लहान मूल असल्यास त्याला अंगभर सुती कपडे घालावेत. घरातील डास पलंगाखाली, पडद्यामागे, खुंटीवरच्या कपड्यांत दबून बसतात. तेथे औषध फवारावे किंवा निदान ते कपडे हलवून डास मारावेत. विषाणू घेतलेला डास ८ ते १२ दिवस पुरे होण्याआधी मेला, तर त्याच्यापासून कोणालाही आजार होत नाही. रस्त्यावरील धूरफवारणीवर मात्र फार विसंबू नये. तिचा परिणाम अल्पकाळ टिकतो आणि घरात बसलेल्या डासांपर्यंत धूर पुरेसा पोहोचत नाही.

ज्यांना विषाणूची लागण होऊनही ताप येत नाही अशी माणसेही बरीच असतात, आणि त्यांना कोणी मच्छरदाणीत ठेवत नाही. यासाठी डास जन्मू न देणे आवश्यकच. पिंप, कूलर, फुलदाणी, फ्रिजखालची ताटली आठवड्यातून एकदा रिकामी करून घासून कोरडी करावी. घासणे महत्त्वाचे, कारण एडिसची अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात, कोरडी पडूनही कित्येक महिने टिकतात आणि पाणी मिळताच फुटतात.

तापासाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने पॅरासिटामॉल घ्यावे. अ‍ॅस्पिरिन व आयबुप्रोफेन टाळावीत, त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. भरपूर पातळ पदार्थ द्यावेत. ताप उतरू लागल्यावर पोटात तीव्र वेदना, सतत उलट्या, हिरड्या वा नाकातून रक्त, अस्वस्थता किंवा असाधारण सुस्ती दिसल्यास ताप गेला म्हणून निर्धास्त न राहता रुग्णाला तत्काळ रुग्णालयात न्यावे. तेथे ताप नेमका कोणत्या तारखेला सुरू झाला हे अवश्य सांगावे. कोणती तपासणी करायची हे त्यावर ठरते.