कागद-पेन्सिलीचे शास्त्रज्ञ एकत्र का जमतात?

शास्त्रज्ञ म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर प्रयोगशाळा उभी राहते. काचेच्या नळ्या, तारांचे जंजाळ, पांढरा कोट. पण शास्त्रज्ञांत एक जात अशी आहे की तिला यांतले काहीच लागत नाही. कागद, पेन्सिल, एक फळा आणि अलीकडच्या काळात संगणक, एवढ्यावर तिचा संसार चालतो. हे सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ. आता गंमत अशी की, ज्यांना घरबसल्या काम करता यावे असे हे लोक हजारो मैलांचा प्रवास करून एखाद्या परक्या गावी जमतात, तेथे आठवडेच्या आठवडे राहतात आणि त्या राहण्याला ‘आंतरराष्ट्रीय कार्यशाळा’ म्हणतात. कवीला कविता लिहिण्यासाठी परदेशी जावे लागत नाही. मग यांनाच का जावे लागावे? माझ्यासारख्या कला शाखेच्या विद्यार्थ्याला हा प्रश्न पडला आणि उत्तर शोधता शोधता मी इटलीतील त्रिएस्ते या शहरापर्यंत जाऊन पोचलो. अर्थात पुस्तकांच्या वाटेने!

या कार्यशाळांत ज्या विषयांवर खल होतो त्यांतील एक मोठा विषय म्हणजे घनीभूत पदार्थांचे भौतिकशास्त्र. नाव जड असले तरी वस्तू रोजच्या पाहण्यातल्या आहेत. मीठ, लोखंड, काच, पाणी, चुंबक, रेडिओतला ट्रान्झिस्टर हे सारे या शास्त्राच्या कक्षेत येते. पूर्वी याला ‘घन अवस्थेचे भौतिकशास्त्र’ म्हणत. पण द्रव पदार्थांनाही त्यात जागा हवी होती. १९६७ साली केंब्रिज येथे फिलिप अँडरसन आणि फोल्कर हाइने यांनी आपल्या अभ्यासगटाचे नाव बदलून त्यात ‘घनीभूत पदार्थ’ हा शब्द घातला, आणि पुढे तो रूढ होत गेला.

यातली खरी अडचण संख्येची आहे. एका चमचाभर पाण्यात १ वर २३ शून्ये मांडावीत इतके, किंबहुना त्याहून थोडे अधिकच रेणू असतात. एका रेणूची वागणूक आपल्याला चांगली ठाऊक आहे. दोन रेणू एकमेकांशी कसे वागतात हेही काढता येते. पण एवढा अफाट जमाव एकत्र आला म्हणजे काय होईल हे एकाच्या स्वभावावरून सांगता येत नाही. एकटा रेणू ओला नसतो, तो गोठत नाही, उकळत नाही. ओलेपणा, गोठणे, उकळणे हे जमावाचे गुण आहेत. हेच सूत्र अँडरसन यांनी १९७२ साली एका छोट्याशा निबंधात मांडले. त्याच्या मथळ्याचा अर्थ इतकाच की, अधिक म्हणजे केवळ जास्त नव्हे, अधिक म्हणजे वेगळे. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे वाक्य परके वाटणार नाही. पाच माणसांच्या स्वभावाची बेरीज करून गावाचा स्वभाव कधी हाती लागत नाही.

एक उदाहरण घेऊ. तारेतून वीज वाहते म्हणजे धातूतले इलेक्ट्रॉन पुढे सरकतात. बाजाराच्या दिवशी मंडईतून वाट काढणाऱ्या माणसाप्रमाणे ते अडखळत, धक्के खात जातात, म्हणून तार तापते आणि काही वीज फुकट जाते. १९११ साली हॉलंडमधील लायडन येथे कामरलिंग ओनेस यांना असे आढळले की, पारा शून्याखाली सुमारे २६९ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केला की त्याचा हा विरोध एकाएकी नाहीसा होतो. याला अतिसंवाहकता म्हणतात. असे का होते याचे समाधानकारक उत्तर मिळायला १९५७ साल उजाडावे लागले. बार्डीन, कूपर आणि श्रीफर या तिघांनी दाखवून दिले की, अशा थंडीत इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जमतात आणि त्या साऱ्या जोड्या एका तालात चालू लागतात. मंडईतल्या गर्दीचे जणू लेझीमचे पथक होते. पथकातल्या एकाला एकट्याने ठेच लागू शकत नाही, कारण सगळ्यांचे पाऊल एकच असते. मधली ४६ वर्षे मोठमोठ्या बुद्धिमंतांनी या कोड्याशी झुंज दिली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे जमावाचे गणित किती अवघड असते याची कल्पना येईल.

अवघड अशासाठी की, ते पूर्णपणे सोडवता येतच नाही. म्हणून काय धरायचे आणि काय सोडायचे हे शास्त्रज्ञाला ठरवावे लागते. ही निवड साधली तर कोडे सुटते. चुकली तर शंभर पानांचे गणित वाया जाते. आणि ही निवड करण्याची दृष्टी छापील निबंधांत मिळत नाही. निबंधात शेवटी सापडलेली सरळ वाट तेवढी दिसते. त्याआधी तुडवलेल्या दहा आडवाटा लेखकाने केव्हाच पुसून टाकलेल्या असतात. आपल्या संगीताचे असेच नाही का? भातखंड्यांनी बंदिशी स्वरलिपीत लिहून ठेवल्या हे त्यांचे उपकारच आहेत. पण केवळ त्या पुस्तकावरून कुणी गवई झाल्याचे ऐकिवात नाही. गुरूसमोर बसावे लागते, चुकावे लागते, आणि ‘येथे नको, तेथे थांब’ हे त्याच्या तोंडून ऐकावे लागते. सैद्धांतिक शास्त्रज्ञांची कार्यशाळा ही अशी तालमीची जागा आहे.

परिषद वेगळी आणि कार्यशाळा वेगळी. परिषदेत आपण पुरे झालेले काम दाखवतो, टाळ्या घेतो आणि तिसऱ्या दिवशी परततो. कार्यशाळेत अपुरे काम घेऊन जायचे असते. सकाळी एक-दोन व्याख्याने. उरलेला दिवस मोकळा. कुणी फळ्यापाशी उभे राहून वाद घालतो, कुणी ग्रंथालयात जाऊन बसतो, आणि कॉफीच्या टेबलावर अनोळखी माणूस शेजारी येऊन सहज विचारतो, ‘तुमचे कुठे अडले आहे?’ फ्रान्समधील लेझूश येथे १९५१ पासून आणि अमेरिकेतील अ‍ॅस्पेन येथे १९६२ पासून डोंगराच्या कुशीत अशी संमेलने भरत आली आहेत. पण या दोन्ही जागा श्रीमंत देशांतल्या. गरीब देशातल्या शास्त्रज्ञाने कोठे जावे? त्रिएस्तेची कथा येथून सुरू होते, आणि तिचा एक धागा आपल्या मुंबईतूनही जातो.

अब्दुस सलाम हे अविभक्त पंजाबातील झंग येथे वाढलेले. केंब्रिजमध्ये नाव कमावून १९५१ साली, वयाच्या पंचविशीत, ते लाहोरला प्राध्यापक म्हणून परतले. तेथे त्यांच्या विषयाचे बोलायला कुणी नव्हते. शास्त्रीय नियतकालिके वेळेवर मिळत नसत. संशोधन बाजूला ठेवून कॉलेजचे काहीतरी काम पाहा असे त्यांना सुचवण्यात आले. वसतिगृह, हिशेब आणि फुटबॉल यांपैकी त्यांनी फुटबॉल पत्करला! याच काळात नोबेल पारितोषिक मिळवलेले वोल्फगांग पाउली मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले होते. त्यांनी बोलावताच सलाम मुंबईस धावत आले. चार दिवस कुणाशी तरी भौतिकशास्त्र बोलता यावे, एवढीच भूक. परत गेल्यावर परवानगीवाचून ठाणे सोडल्याबद्दल त्यांना जाब विचारण्यात आला. अखेर १९५४ साली त्यांनी देश सोडला. १९५३ च्या लाहोरमधील दंगली आणि त्यांच्या अहमदिया पंथावरील रोष हीही कारणे त्यामागे होती. पण देश सोडावा की शास्त्र सोडावे, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता तो प्रामुख्याने एकटेपणामुळे.

सलाम यांचे मोठेपण असे की, स्वतः सुटल्यावर ते मागे राहिलेल्यांना विसरले नाहीत. १९६० साली व्हिएन्ना येथे आंतरराष्ट्रीय अणुशक्ती संस्थेच्या सभेत पाकिस्तानचे प्रतिनिधी म्हणून त्यांनी सैद्धांतिक भौतिकशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय केंद्राची कल्पना मांडली. बड्या राष्ट्रांपैकी अनेकांना ती पसंत नव्हती. गरीब देशांना असले तत्त्वचिंतन काय करायचे आहे, असा सूर निघाला. परंतु त्रिएस्तेचे प्राध्यापक पाओलो बुदिनिच यांनी ती उचलून धरली, इटलीच्या सरकारने पैसा आणि जागा देऊ केली, आणि ऑक्टोबर १९६४ मध्ये केंद्र सुरू झाले.

गावही मोठे अर्थपूर्ण निवडले गेले. एड्रियाटिक समुद्राच्या उत्तर टोकाचे हे बंदर पहिल्या महायुद्धापर्यंत ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होते. दुसऱ्या महायुद्धानंतर ते कुणाचे यावर तंटा चालला आणि १९५४ साली ते इटलीकडे आले. इटालियन, स्लाव्ह आणि जर्मन या तिन्ही संस्कृती येथे शेजारी नांदल्या. जेम्स जॉइस याने तरुणपणीची कित्येक वर्षे येथे इंग्रजी शिकवीत काढली, आणि जवळच्या दुइनो येथील किल्ल्यात १९१२ साली रिल्केला त्याच्या विलापिकांचा आरंभ सुचला. शीतयुद्धाच्या ऐन भरात, १९६५-६६ साली, रशियन आणि अमेरिकन शास्त्रज्ञ याच केंद्रात वर्षभर शेजारी शेजारी बसून प्लाझ्माच्या भौतिकशास्त्रावर काम करीत होते.

घनीभूत पदार्थांच्या विषयाने येथे पाय रोवले ते १९६७ साली. त्या वर्षी ऑक्टोबर ते डिसेंबर असा अडीच महिन्यांचा अभ्यासवर्ग भरला. फ्रांको बासानी, जॉन झिमन प्रभृती मंडळी त्यामागे होती. पुढे स्वीडनचे स्टिग लुंडक्विस्ट, इंग्लंडचे नॉर्मन मार्च, इटलीचे एरिओ तोसात्ती, चीनचे यू लू अशा अनेकांनी हा व्याप वाढवला. हा विषय निवडण्यात शहाणपण होते. अणूच्या गाभ्याचा शोध घ्यायला अब्जावधींची यंत्रे लागतात. पण धातू, अर्धसंवाहक, स्फटिक यांचा अभ्यास मध्यम ऐपतीच्या देशालाही करता येतो, आणि त्याचा उपयोगही दूरचा नसतो.

या केंद्राची मला सर्वांत मोलाची वाटलेली कल्पना म्हणजे ‘सहयोगी’ योजना. विकसनशील देशातील अध्यापकाने नोकरी आपल्याच देशात करावी. मात्र काही वर्षांच्या मुदतीत ठरावीक वेळा, काही आठवडे ते तीन महिने, त्रिएस्तेला येऊन राहावे. खर्च केंद्राचा. म्हणजे मुलीने सासरी नांदावे, पण माहेरचे दार तिला कायम उघडे असावे. देश की शास्त्र या सलाम यांना छळणाऱ्या प्रश्नाला हे तिसरे उत्तर होते. त्यांना १९७९ साली नोबेल पारितोषिक मिळाले ते मूलकणांच्या सिद्धांतासाठी; परंतु माझ्या अल्पमतीला हे तिसरे उत्तरही त्याच तोलाचे वाटते. १९९६ साली ते वारले आणि पुढच्या वर्षी केंद्राला त्यांचे नाव देण्यात आले.

कार्यशाळेचे बळ आणि तिच्या मर्यादा दोन्ही दाखवणारा एक प्रसंग १९८७ चा. आदल्या वर्षी झुरिचजवळ बेडनॉर्झ आणि म्यूलर यांनी तांब्याचे एक ऑक्साइड पूर्वीच्या कोणत्याही पदार्थापेक्षा चढ्या तापमानाला अतिसंवाहक होते असे दाखवले. १९८७ च्या आरंभी अमेरिकेत एम. के. वू, पॉल चू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही मर्यादा शून्याखाली १८० अंशांच्या आसपास आणून ठेवली. म्हणजे महागडा द्रवरूप हेलियम नको. त्यापेक्षा कितीतरी स्वस्त असा द्रवरूप नायट्रोजन पुरे. जगभर खळबळ उडाली. अँडरसन यांनी नवी उपपत्ती पुढे केली, आणि तिच्या विकासात भारतीय शास्त्रज्ञ जी. बास्करन यांचा मोठा वाटा होता. जुलै १९८७ मध्ये त्रिएस्तेला या एकाच विषयावर परिषद भरली. ज्यांच्या देशात त्या महिन्यांतली नियतकालिके जहाजाने येऊन पोचायची होती, त्यांनाही चालू वाद समोरासमोर ऐकायला मिळाला. मात्र कोडे त्या वर्षी सुटले नाही, आणि आजही सर्वमान्य असे उत्तर मिळालेले नाही. माणसे जमली म्हणून सत्य हाती लागतेच असे नाही. पण प्रश्न कोणता, हे तरी सर्वांना एकच दिसू लागते.

येथे कुणी म्हणेल, आता याची गरज काय? १९९१ पासून नवे निबंध छापण्यापूर्वीच संगणकावर सर्वांना फुकट मिळू लागले आहेत. लाहोर काय, लातूर काय, वाचायला एकच. हे खरे आहे आणि ते फार मोठे काम झाले आहे. परंतु निबंध घरी येतो. ‘तुमचे कुठे अडले आहे?’ असे विचारणारा माणूस येत नाही. सलाम यांना लाहोरात उणीव होती ती नुसत्या कागदांची नव्हती. आपल्याकडेही हे ओळखणारी माणसे निघाली. पुण्यात १९८८ साली जयंत नारळीकरांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या ‘आयुका’ने विद्यापीठांतील आणि कॉलेजांतील अध्यापकांसाठी अशाच सहयोगी पदांची सोय केली. टाटा संस्थेने २००७ साली सुरू केलेले बंगळूरचे केंद्र तर अशा कार्यशाळांसाठीच आहे.

आता आपल्यापुरते बोलायचे तर, एकटेपणा ही काही भौतिकशास्त्राचीच मिरास नव्हे. लहान गावच्या कॉलेजात इतिहासाचा एकच प्राध्यापक असतो, भाषाविज्ञानाची गोडी लागलेला एखादाच विद्यार्थी असतो. तो वाचतो, टिपणे काढतो, आणि बोलायला कुणी नाही म्हणून हळूहळू वाचणे सोडतो. त्याने गाव सोडले तर आपण त्याला दोष देतो. तो गावातच राहून विझला तर ते कुणाच्या लक्षातही येत नाही. यावर उपाय खर्चाचा नाही. आपल्या वाङ्मय मंडळात आणि इतिहास मंडळात पाहुण्यांची पुरी झालेली भाषणे पुष्कळ होतात. महिन्यातून एक दुपार अपुऱ्या कामासाठी ठेवावी. ज्याचे जेथे अडले असेल तेथून त्याने बोलावे, इतरांनी प्रश्न विचारावेत. मग तो प्राध्यापक असो वा प्रथम वर्षाचा विद्यार्थी. शेजारच्या तालुक्याच्या कॉलेजातल्या दोघा-चौघांना एस.टी.चे भाडे देऊन बोलवावे. लागेल ती एक खोली, एक फळा, आणि चहाची किटली.