विश्लेषण : सकाळी अर्नाळ्याला, संध्याकाळी घरी... याला ‘पर्यटक’ म्हणायचे का?

रविवारी सकाळी विरार स्थानकाबाहेर अर्नाळ्याच्या बस आणि रिक्षांसाठी गर्दी होते. संध्याकाळी हीच मंडळी वाळूने भरलेल्या चपलांसह परतीची लोकल पकडतात. त्यांच्यापैकी कुणी समुद्रात बुडाले, तर बातमीत ‘पर्यटक’ असेच छापून येते. पर्यटनाच्या जागतिक आकडेवारीत मात्र ते पर्यटक नसतात. तिथे त्यांच्यासाठी वेगळा शब्द आहे, ‘एक्सकर्शनिस्ट’.

एक्सकर्शनिस्ट म्हणजे कोण?

संयुक्त राष्ट्रांच्या व्याख्येनुसार, नेहमीचा परिसर सोडून वर्षभरापेक्षा कमी काळासाठी दुसरीकडे जाणारा, पण तिथे नोकरी करायला न गेलेला माणूस म्हणजे ‘अभ्यागत’. त्याने किमान एक रात्र मुक्काम केला, तर तो पर्यटक. त्याच दिवशी परतला, तर एक्सकर्शनिस्ट. त्याने खर्च किती केला, हे इथे पाहिले जात नाही. राष्ट्रसंघाने १९३७ मध्ये पर्यटकासाठी २४ तासांची अट घातली होती, तर १९६३ च्या रोम परिषदेत एका दिवसात परतणाऱ्यांचा स्वतंत्र गट झाला.

म्हणजे दादरहून जीवदानीच्या दर्शनाला येऊन दुपारी परतलेला भाविक एक्सकर्शनिस्ट ठरतो. कळंबच्या रिसॉर्टमध्ये रात्र काढणारा पर्यटक, मग तो स्विमिंग पूलमधून बाहेर पडलाच नसला तरी! नालासोपाऱ्याहून रोज अंधेरीला कामाला जाणारा मात्र दोन्हींत नाही; अंधेरी हा त्याचा नेहमीचाच परिसर.

मराठीत याला काय म्हणतात?

‘सहल’ आहे, पण सहलीला जाणाऱ्यासाठी एकच असा शब्द रुळलेला नाही. रिसॉर्टच्या फलकांवर तर सरळ ‘वन डे पिकनिक’ असते. ‘पर्यटन’ म्हणजे परि अधिक अटन, अर्थात सर्वत्र फिरणे. त्यात मुक्कामाची अट कुठेच नाही. त्यामुळे बोलताना सगळ्यांना पर्यटक म्हणणे चूक नाही. घोळ होतो तो मोजताना.

फरक कुणाला पडतो?

भारतातही देशांतर्गत पर्यटकाच्या व्याख्येत किमान २४ तास किंवा एक रात्र मुक्कामाची अट आहे. हॉटेल-लॉजच्या नोंदवहीवरून मोजणी केली, तर वसई किल्ला पाहून परतणारा त्यात दिसणारच नाही. पण त्यालाही स्वच्छतागृह लागते, गाडी लावायला जागा लागते. किनाऱ्यावर जीवरक्षक किती हवेत, कचऱ्याच्या किती गाड्या हव्यात, हे रविवारच्या या गर्दीवर ठरते. पावसाळ्यात चिंचोटीच्या धबधब्यावर बंदी घालावी लागते, तीही मुख्यतः दिवसभरासाठी येणाऱ्यांमुळेच.

इटलीतील व्हेनिसने याच गटाला वेगळे काढले. २५ एप्रिल २०२४ पासून तिथे ठरावीक दिवशी, केवळ दिवसापुरते येणाऱ्यांकडून ५ युरो प्रवेशशुल्क घेण्यास सुरुवात झाली. शहरात मुक्काम करणाऱ्यांना ते माफ आहे, कारण ते हॉटेलमध्ये पर्यटन कर भरतातच.