हरिश्चंद्रगड: आधी उतरण्याची वेळ ठरवा

पुणे, ठाणे आणि अहिल्यानगर हे तीन जिल्हे जिथे एकमेकांना भिडतात, तिथे हरिश्चंद्रगड उभा आहे. उंची १४२४ मीटर. गड एकच, पण तीन वाटांनी चढणाऱ्यांचे अनुभव तीन वेगळ्या डोंगरांचे वाटावेत, इतका त्यांच्यात फरक. म्हणून एका दिवसात जाऊन यायचे असेल, तर आधी वाट ठरवावी लागते.

अकोले तालुक्यातल्या पाचनईची वाट सर्वांत सोपी. कड्याच्या पोटातून, ओढ्याच्या काठाने ती अडीच तासांत गडावरच्या हरिश्चंद्रेश्वराच्या देवळापाशी पोहोचवते. जुन्नरकडच्या खिरेश्वरहून मात्र आधी तोलार खिंड गाठायची, तिथले वाघाचे शिल्प पाहायचे, रेलिंग धरून कातळटप्पा चढायचा आणि मग एकामागून एक टेकड्या ओलांडायच्या. यात चार-पाच तास सहज जातात. तिसरी, मुरबाडच्या बाजूची नळीची वाट, नवख्यांनी एका दिवसाच्या बेतात धरूच नये. अजस्र धोंडे, घसारा आणि उभे कातळ यांत पावलाचा वेग किती राहील, हे कोणालाच आधी सांगता येत नाही.

सह्याद्रीची घडण समजली की चढायला इतका वेळ का लागतो, हे नीट कळते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचले. कठीण थरांचे कडे झाले, मऊ थर झिजून पदर तयार झाले. त्यामुळे चढ सलग नसतो. पदरावरून सपाट चाल, मग एकदम छातीवरचा चढ. नकाशावर दोन किलोमीटर दिसणारे अंतर इथे दोन तास खाते.

म्हणून वेळेचा हिशेब उलटा, उतरण्यापासून मांडावा. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. पायथा पाच वाजता गाठायचा, तर खिरेश्वरकडे उतरणाऱ्याने एक वाजता गडमाथा सोडायला हवा. म्हणजे सकाळी सातला चालू लागलेल्याच्या हाती माथ्यावर जेमतेम तास-दोन तास उरतात. त्यात हरिश्चंद्रेश्वराचे देऊळ, केदारेश्वराच्या गुहेतले पाण्याने वेढलेले शिवलिंग आणि अर्ध्या तासावरचा कोकणकडा मावणार कसा? पाचनईहून तीन-चार तास तरी निवांत मिळतात, तारामतीचे शिखरही जमू शकते. एका दिवसासाठी पाचनईच योग्य, यात शंका नाही.

पावसाळ्यात हे गणितही बदलते. ओढे फुगतात, धुक्यात कोकणकड्याची कडा दिसेनाशी होते आणि तिथून खाली सरळ कोकण आहे. अशा दिवशी कड्याच्या टोकाशी जाणे टाळावेच. उन्हाळ्यात माणशी चार लिटर पाणी सोबत हवे. कड्यांवर आग्यामोहळे असतात. धूर, गोंगाट, उग्र अत्तर नको.

वाटाड्या गावातलाच घ्या. ढोरवाट कुठे फसवते, हे त्याला ठाऊक असते. निघताना कुठल्या वाटेने चढणार, कुठल्या वाटेने आणि किती वाजता उतरणार, हे पायथ्याच्या एखाद्या घरी सांगून ठेवा, आणि परत आल्यावर त्या घरी कळवायला विसरू नका.