ताक्यांचं ओझं आणि चेनची ढील

सुरतेच्या रिंग रोडवरच्या कापड मार्केटांतून सकाळी बाहेर पडणाऱ्या मोटारसायकलीवर माणसापेक्षा मालच जास्त दिसतो. मागच्या सीटवर कापडाचे ताके, टाकीवर पोटली, आणि पुढे उड्डाणपूल, सिग्नल, खड्डे. या गाड्या दुरुस्तीला येतात त्या लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा भागातल्या गॅरेजांत. खानदेशातून आलेली मराठी माणसं या वस्त्यांत मोठ्या संख्येनं राहतात, त्यामुळे तिथे अहिराणी सर्रास कानावर पडते. अशा गॅरेजांत बसून काढून टाकलेल्या चेन, लायनर, बेअरिंग निरखायचा मला अनेक वर्षांचा नाद आहे.

पार्ट कधी बदलायचा, या प्रश्नाला बहुतेक जण दोन उत्तरं देतात: ‘इतके किलोमीटर झाले की’ किंवा ‘वाजायला लागला की’. मला दोन्ही अपुरी वाटतात. कंपनीचा किलोमीटरचा आकडा सर्वसाधारण वापर धरून दिलेला असतो, त्यात ताक्यांचं ओझं नसतं. आवाज तर झीज बरीच पुढे गेल्यावर येतो. पार्ट मोजावा, हेच खरं.

नेहमीची कामं चटकन सांगतो. इंजिन ऑइल, प्लग, व्हॉल्व्हचं सेटिंग मॅन्युअलप्रमाणे. एअर फिल्टर मात्र लूमच्या गल्ल्यांत फिरणाऱ्या गाडीचा लवकर उघडून बघावा, कारण धाग्याचा बारीक तूस त्यात अडकतो. १९८५ची हीरो होंडा सीडी १०० आणि १९९४ची स्प्लेंडर यांच्या ९७.२ सीसीच्या इंजिनानं ही कामं टाळली तरी निभावून नेलं, पण म्हणून हयगय योग्य ठरत नाही.

आता चेन. बुश आणि रोलरची ही चेन हान्स रेनॉल्ड यांनी १८८० साली मँचेस्टरमध्ये घडवली, आणि तिचा मूळ आराखडा आजही तोच आहे. चेन ‘ताणली गेली’ असं आपण म्हणतो, पण तिच्या पट्ट्या सहसा ताणल्या जात नाहीत. प्रत्येक सांध्यातली पिन आणि तिच्याभोवतीचा बुश झिजतो. शंभराहून जास्त सांध्यांतली ही केसभर झीज साठत जाते आणि चेन लांब होते.

ही लांबी घरच्या पट्टीनंही मोजता येते. लहान मोटारसायकलींना बहुधा ४२८ नंबरची चेन असते. तिच्या दोन पिनांमधलं अंतर १२.७ मिलिमीटर, म्हणजे २० कड्यांचे २५४ मिलिमीटर. चेन ताणून धरायची आणि पहिल्या पिनच्या मध्यापासून एकविसाव्या पिनच्या मध्यापर्यंत पट्टी लावायची. माप २५९ भरलं, म्हणजे २ टक्के वाढलं, तर साध्या चेनचं आयुष्य संपलं. ओ-रिंगच्या चेनला मी १ टक्क्यालाच थांबतो. झीज सगळीकडे सारखी नसते, म्हणून तीन-चार ठिकाणी मोजावं.

पट्टी नसेल तर मागच्या स्प्रॉकेटवरची चेन अगदी मागच्या टोकाला धरून ओढावी. अर्ध्याहून जास्त दात उघडा पडला की चेन गेली समजावं. दातही आकड्यासारखे एका बाजूला वाकलेले दिसतात, आणि पुढच्या स्प्रॉकेटचे आधी. मागचं एकदा फिरतं तेवढ्यात पुढचं जवळजवळ तीनदा फिरतं, झीजही त्याच हिशेबानं. म्हणून चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकदम बदलावीत. झिजलेल्या दातांवर नवी चेन फार लवकर खराब होते.

सुरतेत याहून मोठी अडचण ढिलीची आहे. मागचं चाक ज्या चिमट्यात बसतं, तो ओझ्यानं खाली दबतो. पुढचं स्प्रॉकेट, चिमट्याची पिन आणि मागचा ॲक्सल एका रेषेत आले की चेन सर्वांत जास्त ताणली जाते. रिकाम्या गाडीवर ‘आवाज नको’ म्हणून चेन घट्ट केली, तर ताके चढल्यावर तो सगळा ताण गिअरबॉक्सच्या आणि चाकाच्या बेअरिंगवर येतो. मालवाहू गाडीची ढील माल लादूनच तपासावी. ‘भाऊ, चेन बदलनी पडी’ असं सांगणारा मेस्त्री गिऱ्हाइकाला महाग वाटतो आणि एक कडी काढून चेन आखूड करून देणारा स्वस्त. माझ्या मते पहिलाच प्रामाणिक. कडी काढल्यानं झीज जात नाही, ती फक्त दिसेनाशी होते.

ड्रम ब्रेकचंही तेच. मागचा नट आवळत राहिलं की ब्रेक लागतो, पण लायनर संपतच असतो. ब्रेक दाबल्यावर आर्मवरचा बाण प्लेटवरच्या खुणेला टेकला की शू बदलायचे, तिथे घासाघीस नको. टायरच्या खाचांत खुणेचे उंचवटे असतात. दुचाकीला ती मर्यादा ०.८ मिलिमीटर आहे.

पाण्याचा हिशेब वेगळा. ऑगस्ट २००६मध्ये उकाईच्या विसर्गानं शहराचा मोठा भाग बुडाला, आणि खाडीपूर तर लिंबायतच्या पाचवीलाच पुजलेला. बुडालेली गाडी किक मारून बघूच नये. आधी ऑइल बघावं. ते दुधाळ असेल तर पाणी आत गेलेलं आहे. मग चाक वर उचलून हातानं फिरवावं. खरखर जाणवली तर बेअरिंग गेलं. उत्तरायणानंतर ॲक्सलभोवती गुंडाळलेला मांजाही कापून काढावा. तो आत सरकला की सील खातो.

नवी चेन सुरुवातीला थोडी सैल होते, म्हणून दोन-तीनशे किलोमीटरनंतर तिची ढील पुन्हा बघावी लागते. दिवाळीला किंवा खानदेशातल्या कानबाईच्या उत्सवाला गाडीनं नवापूरमार्गे नंदुरबार-धुळ्याकडे निघणाऱ्यांनी ती आदल्या रात्री बसवू नये. पंधरवडाभर आधी बसवावी आणि शहरात फिरवून, ढील पाहूनच बारडोलीच्या रस्त्याला लागावं.