वायफाय जोडले जात नाही? ‘फॅक्टरी रीसेट’ करण्याआधी हे तपासा

वायफाय रुसले की बहुतेक जणांचा क्रम ठरलेला असतो. आधी वायफाय बंद-चालू, मग फोन बंद-चालू, मग तोच पासवर्ड चार वेळा टाकणे आणि शेवटी कुणाच्या तरी सल्ल्यावरून थेट ‘फॅक्टरी रीसेट’. या शेवटच्या उपायात फोनमधील फोटो, बॅकअप नसलेले चॅट, यूपीआय आणि बँकेच्या ॲपची नोंदणी असे सगळेच पुसले जाते. दोष राउटरमध्ये असेल, तर एवढे गमावूनही वायफाय जोडले जात नाही ते नाहीच.

दोष फोनचा की राउटरचा?

हे दोन मिनिटांत कळते. घरातील दुसरा फोन त्याच वायफायला जोडून पाहा आणि अडलेला फोन दुसऱ्या कुणाच्या हॉटस्पॉटला जोडून पाहा. घरातील सगळ्याच फोनची तीच गत असेल, तर सेटिंग्ज चाळण्यात अर्थ नाही. फायबर जोडणीच्या डब्यावर ‘एलओएस’ नावाचा दिवा लाल झाला असेल, तर तारेतून येणारा प्रकाशसंकेतच डब्यापर्यंत पोहोचत नाही, असा त्याचा अर्थ. अशा वेळी इंटरनेट पुरवठादाराला फोन करणे हाच उपाय. दिवे ठीक असतील, तर राउटरचा स्विच बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करा आणि त्याला सुरू व्हायला दोन-तीन मिनिटे द्या.

अडचण एकाच फोनची असेल तर?

फोन नेमका कुठे अडतो, ते पाहावे लागते. यादीत वायफायचे नावच दिसत नसेल, तर बहुधा प्रश्न लहरींचा असतो. राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर चालतो. ५ गिगाहर्ट्झचा वेग जास्त, पण भिंती ओलांडताना तो लवकर क्षीण होतो. जुन्या किंवा स्वस्त फोनला तर हा पट्टा दिसतच नाही. राउटरमध्ये २.४ चा पट्टा चालू आहे ना, हे बघून घ्या.

नाव दिसते, पण फोन आत शिरत नाही, असे असेल तर पहिला संशय पासवर्डवर. राउटरचा पासवर्ड बदलला, तरी फोन जुनाच पाठवत राहतो. त्या नावावर जाऊन ‘फर्गेट’ करा आणि नव्याने पासवर्ड टाका. राउटर नवा आणि फोन बराच जुना असेल, तर सुरक्षा पद्धतही पाहा. राउटर फक्त ‘डब्ल्यूपीए३’वर ठेवला असेल, तर जुना फोन पासवर्ड बरोबर असूनही नाकारला जातो. ‘डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३’ हा मिश्र पर्याय निवडला की काम होते.

ऑफिस किंवा हॉस्टेलमधील अडचण मात्र वेगळीच असते आणि ती भल्याभल्यांना चकवते. अशा ठिकाणी अनेकदा नोंद केलेल्या फोनलाच प्रवेश मिळतो आणि ही नोंद ‘मॅक ॲड्रेस’वरून होते. म्हणजे फोनच्या वायफाय यंत्रणेचा ओळख क्रमांक. पण २०१९ मधील अँड्रॉइड १० आणि २०२० मधील आयओएस १४ पासून फोन खासगीपणासाठी प्रत्येक वायफायला वेगळा, बनावट क्रमांक दाखवू लागले. ‘अबाउट’मधून क्रमांक उतरवून दिला, तर तो खरा असतो आणि राउटरला दिसतो दुसराच. मग आयटी विभाग म्हणतो नोंद झाली आहे, फोन म्हणतो प्रवेश नाही, आणि दोघेही बरोबर असतात! त्या वायफायच्या सेटिंगमध्ये अँड्रॉइडवर ‘डिव्हाइस मॅक’ निवडा; आयफोनवर ‘प्रायव्हेट वायफाय ॲड्रेस’ बंद करा.

‘कनेक्टेड’ दिसते, पण इंटरनेट नाही

आधी तारीख-वेळ पाहा. सुरक्षित संकेतस्थळांच्या प्रमाणपत्रांना मुदत असते. फोनची तारीख चुकली की ही प्रमाणपत्रे त्याला अवैध वाटतात आणि पाने उघडत नाहीत. बरेच दिवस बंद पडून राहिलेल्या फोनमध्ये हे हमखास घडते. तारीख-वेळ ‘ऑटोमॅटिक’ ठेवा.

रेल्वे स्थानकात, विमानतळावर किंवा हॉटेलात वायफाय जोडल्यावर आधी लॉगिनचे पान येते, तिथे मोबाइल क्रमांक आणि ओटीपी टाकावा लागतो. हे पानच उघडत नसेल, तर व्हीपीएन किंवा जाहिराती अडवण्यासाठी ठेवलेला ‘प्रायव्हेट डीएनएस’ आड येत असतो. दोन्ही तात्पुरते बंद करा.

रीसेट करायचेच असेल तर

‘फॅक्टरी रीसेट’ आणि ‘नेटवर्क सेटिंग्ज रीसेट’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्यात फोटो, चॅट, संपर्क सुरक्षित राहतात. जातात ते साठवलेले वायफाय पासवर्ड आणि ब्लूटूथच्या जोडण्या. म्हणून आधी पासवर्ड कागदावर उतरवून घ्या. अँड्रॉइडमध्ये पर्यायाचे नाव आणि जागा कंपनीनुसार बदलते, त्यामुळे सेटिंग्जच्या शोधपट्टीत ‘रीसेट’ शोधणे सोपे.

त्यानंतरही वायफायचे बटण करडेच राहिले, दाबूनही चालू होत नसेल किंवा फोनला एकही वायफाय सापडत नसेल, तर वायफायच्या चिपमध्ये बिघाड असू शकतो. असा फोन सर्व्हिस सेंटरला न्या, पण आधी बॅकअप घ्या. दुरुस्तीत सर्किट बोर्ड बदलला, तर त्यावरचा सगळा डेटाही जातो.