वयस्कर युरोप आणि कामाचे हात

जर्मनीत १८८९ साली एक कायदा संमत झाला. चान्सलर ऑटो फॉन बिस्मार्क यांच्या पुढाकाराने झालेल्या या कायद्यामुळे कामगाराला वयाच्या सत्तराव्या वर्षापासून निवृत्तिवेतन मिळू लागले. त्या काळी जर्मनीतील सरासरी आयुर्मान चाळिशीच्या आसपास होते. याचा अर्थ सगळी माणसे चाळिशीतच मरत असा नव्हे. अर्भके फार दगावत, त्यामुळे सरासरी खाली येई. तरीही खाणीत किंवा भट्टीपाशी राबलेल्या माणसाने सत्तरी गाठून निवृत्तिवेतन हाती घेणे ही दुर्मीळ गोष्ट होती. पुढे १९१६ साली निवृत्तीचे वय ६५ वर आणले गेले आणि विसाव्या शतकात युरोपातील अनेक देशांनी अशाच योजना स्वीकारल्या.

या योजना ज्या समाजासाठी आखल्या गेल्या, तो समाज आता उरलेला नाही. युरोपीय संघाच्या सत्तावीस देशांत २०२३ साली सरासरी आयुर्मान ८१ वर्षांच्या वर गेले होते. निम्मी लोकसंख्या साडेचव्वेचाळीस वर्षांहून अधिक वयाची होती आणि दर पाच माणसांमागे एकाहून अधिक जण पासष्टी ओलांडलेले होते. दुसऱ्या बाजूला मुले कमी जन्माला येत आहेत. स्थलांतर वगळता लोकसंख्या स्थिर राहावी, तर एका स्त्रीमागे सरासरी २.१ मुले जन्मावी लागतात. युरोपीय संघात २०२३ साली हा आकडा सुमारे १.४ होता आणि इटलीत तो १.२ इतका खाली आला होता.

वस्तुतः माणसे अधिक जगतात हे मोठेच यश आहे. अडचण आहे ती निवृत्तिवेतनाच्या व्यवस्थेत. कामगाराच्या पगारातून दरमहा कापलेली रक्कम त्याच्या म्हातारपणासाठी कुठल्या तरी पेटीत साठून राहते, असा अनेकांचा समज असतो. जर्मनी, फ्रान्स, इटली या देशांत बव्हंशी तसे होत नाही. आज कमावणाऱ्यांकडून गोळा झालेली रक्कम आजच्याच निवृत्तांना दिली जाते. आजचा कमावता वृद्ध होईल, तेव्हा त्याचा भार त्या वेळचे तरुण उचलतील, असा हा पिढ्यांमधला अलिखित करार आहे. एकत्र कुटुंबात कमावते हात पाच आणि बसून खाणारी तोंडे दोन असतील, तोवर कुरकुर होत नाही. प्रमाण उलटू लागले की घरात कटकटी सुरू होतात.

जर्मनीचेच उदाहरण घेता येईल. पूर्व आणि पश्चिम जर्मनीत मिळून १९६४ साली साडेतेरा लाखांहून अधिक मुले जन्मली. एकत्रित जर्मनीत २०२४ साली सुमारे ६ लाख ७७ हजार मुले जन्मली, म्हणजे जेमतेम निम्मी. १९६४ साली जन्मलेली ती भली मोठी पिढी आता निवृत्तीच्या उंबरठ्यावर उभी आहे. तिची जागा घेणारी पिढी मात्र लहान आहे. जर्मनीत २०१८ साली निवृत्तिवेतनासाठी पगाराच्या १८.६ टक्के रक्कम ठरली, निम्मी कामगाराची आणि निम्मी मालकाची. ती वाढवावी तर तरुणांच्या खिशाला कात्री लागते. निवृत्तिवेतन घटवावे तर ज्यांनी आयुष्यभर भरणा केला, त्यांची फसवणूक होते. तिसरा मार्ग उरतो तो काम करणाऱ्यांची संख्या वाढवण्याचा. युरोपात रोजगाराचे धोरण आणि सामाजिक सुरक्षेचे धोरण ही एकाच धोरणाची दोन अंगे बनली, ती यामुळे.

मार्च २००० मध्ये लिस्बन येथे भरलेल्या बैठकीत युरोपीय नेत्यांनी दहा वर्षांत ७० टक्के लोकांना, आणि स्त्रियांपैकी किमान ६० टक्क्यांना, रोजगारात आणण्याचे उद्दिष्ट ठरवले. पुढच्याच वर्षी स्टॉकहोम येथे ५५ ते ६४ या वयोगटातील निम्मे लोक तरी काम करीत असावेत, असे ठरले. २००५ साली युरोपीय आयोगाने लोकसंख्येतील बदलांवर खास चर्चापत्रिका प्रसिद्ध केली आणि पिढ्यांमधील नव्या एकजुटीचा विचार मांडला. मात्र निवृत्तीचे वय, रजा, पाळणाघरे यांचे बहुतेक निर्णय प्रत्येक देशाच्या संसदेत होतात. ब्रुसेल्समध्ये उद्दिष्टे ठरतात, तर मतदारांचा रोष पॅरिस, रोम आणि बर्लिनला सोसावा लागतो. लिस्बनची उद्दिष्टे २०१० पर्यंत पुरी झाली नाहीत. त्यानंतर नवी ठरली. २०२१ साली पोर्तुगालमधील पोर्तो येथे २०३० पर्यंत २० ते ६४ वयोगटातील ७८ टक्के लोक रोजगारात आणण्याचे लक्ष्य स्वीकारले गेले.

वयस्कर कामगारांबाबत युरोपने आपलीच जुनी वाट बदलली आहे. १९७० आणि १९८० च्या दशकांत बेकारी वाढली, तेव्हा अनेक सरकारांनी प्रौढ कामगारांना लवकर घरी पाठवले. फ्रान्सने १९८२ साली निवृत्तीचे वय ६५ वरून ६० केले. म्हाताऱ्यांनी जागा रिकाम्या केल्या की त्या तरुणांना मिळतील, असा हिशेब होता. तो चुकला. कामाच्या जागा आगगाडीच्या डब्यातील आसनांसारख्या मोजून ठेवलेल्या नसतात. लवकर निवृत्ती देणाऱ्या देशांत तरुणांची बेकारी त्यामुळे हटली नाही, निवृत्तिवेतनाचा खर्च मात्र वाढला.

मग चाके उलटी फिरू लागली. जर्मनीने २००७ साली निवृत्तीचे वय टप्प्याटप्प्याने ६७ वर नेण्याचे ठरवले. डेन्मार्कने ते आयुर्मानाशीच जोडले आणि २०२५ साली तेथील संसदेने २०४० पर्यंत हे वय ७० करण्यास मंजुरी दिली. फ्रान्समध्ये २०२३ साली ते ६२ वरून ६४ करण्याचा कायदा आला, तेव्हा लाखो लोक रस्त्यांवर उतरले. सरकारने राष्ट्रीय सभेतील अंतिम मतदान टाळून कायदा रेटला. अखेर २०२५ साली पंतप्रधानांना ही वाढ पुढील अध्यक्षीय निवडणुकीपर्यंत स्थगित ठेवण्याची घोषणा करावी लागली.

या विरोधाला आळशीपणा म्हणणे अन्यायाचे होईल. कचेरीत बसणारा अधिकारी चौसष्टाव्या वर्षी सहज काम करू शकतो. छपरावर कौले चढवणारा गवंडी किंवा रुग्णांना उचलणारी परिचारिका यांची गुडघे-कंबर त्याआधीच जाते. शिवाय कष्टाची कामे करणारे लोक सरासरीने कमी जगतात. त्यामुळे सर्वांसाठी निवृत्ती दोन वर्षे पुढे ढकलली, तर ज्यांच्यापाशी मुळात थोडी वर्षे उरतात, त्यांच्याच वाट्याचा विसावा अधिक घटतो. वय कागदावर वाढवता येते. त्या वयाला पेलेल असे काम निर्माण करणे अवघड असते.

अवघड असले, तरी अशक्य नसते. जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतातील दिंगोल्फिंग येथे बीएमडब्ल्यू कंपनीचा मोटारींचा कारखाना आहे. दहा वर्षांनी, म्हणजे २०१७ साली, आपल्या कामगारांचे सरासरी वय ४७ होईल, हे तेथील व्यवस्थापकांनी २००७ साली हिशेब करून ओळखले. त्यांनी गिअरबॉक्स बनवणाऱ्या एका साखळीवर मुद्दाम त्याच सरासरी वयाची माणसे नेमली आणि काय बदलले तर काम सुसह्य होईल, हे त्यांनाच विचारले. उत्तरे साधी होती. कठीण फरशीवर दिवसभर उभे राहून पाय भरून येतात, म्हणून तेथे लाकडी जमीन घातली गेली. काही ठिकाणी केशकर्तनालयात असते तशी खुर्ची आली. बारीक भाग नीट दिसावेत म्हणून भिंगे बसवली गेली, संगणकाच्या पडद्यावरील अक्षरे मोठी झाली आणि एकाच स्नायूवर ताण येऊ नये म्हणून दिवसात कामांची अदलाबदल सुरू झाली. असे सुमारे सत्तर लहानसहान बदल झाले. साधनांवर आणि चर्चेच्या तासांवर मिळून साधारण ४० हजार युरो खर्च आला. मोटारी बनवणाऱ्या कंपनीच्या दृष्टीने ही किरकोळ रक्कम होय. वर्षभरात त्या साखळीची उत्पादकता ७ टक्क्यांनी वाढली. आरंभी त्या साखळीला हिणवून म्हाताऱ्यांची साखळी म्हणणारेही कारखान्यात होतेच.

फिनलंडने हाच विचार १९९८ ते २००२ या काळात राष्ट्रीय कार्यक्रम म्हणून राबवला. कामगाराचे आरोग्य, त्याचे कौशल्य आणि कामाची जागा यांचा त्यात एकत्र विचार झाला. युरोपीय संघात ५५ ते ६४ वयोगटातील काम करणाऱ्यांचे प्रमाण २००० च्या सुमारास दहांत चारांहूनही कमी होते. २०२३ साली ते सुमारे ६४ टक्क्यांवर पोहोचले.

कामाचे आणखी हात घराघरांत होते, ते स्त्रियांचे. स्वीडनने १९७४ साली बाळाच्या संगोपनासाठी आई आणि वडील या दोघांनाही मिळू शकेल अशी भरपगारी नव्हे, पण भरीव भत्त्याची रजा सुरू केली. वडील ती घेईनात, तेव्हा १९९५ पासून रजेचा एक महिना केवळ वडिलांसाठी राखला गेला. त्यांनी घेतली नाही, तर तो वाया जाई. पुढे अशा राखीव महिन्यांची संख्या तीन झाली. युरोपीय संघाने २००२ साली बार्सिलोना येथे तीन वर्षांखालील ३३ टक्के मुलांसाठी पाळणाघरांची सोय करण्याचे ठरवले आणि २०२२ साली हे लक्ष्य ४५ टक्क्यांवर नेले. आज स्त्रियांचा रोजगार वाढला असला, तरी मूल झाल्यावर अर्धवेळ काम पत्करणाऱ्या प्रामुख्याने स्त्रियाच असतात. अर्ध्या पगारावर निवृत्तिवेतनही अपुरेच मिळते. युरोपीय संघातील वृद्ध स्त्रीचे निवृत्तिवेतन पुरुषाच्या तुलनेत सरासरीने सुमारे एक चतुर्थांश कमी असते.

पाळणाघरे आणि रजा दिल्या की मुलेही अधिक जन्मतील, ही आशा काही काळ फळाला आल्यासारखी वाटली. इटलीपेक्षा स्वीडनमध्ये नोकरदार स्त्रिया अधिक होत्या आणि मुलेही अधिक जन्मत होती. अलीकडे मात्र स्वीडन आणि फिनलंड येथेही जन्मदर घसरला आहे. सोयींमुळे स्त्रीचे जगणे सुकर होते हे खरे. मूल हवे की नको हे मात्र ती सरकारी हिशेब पाहून ठरवीत नाही.

उरलेली उणीव बाहेरून येणारी माणसे भरून काढतात. पश्चिम जर्मनीने १९६१ साली तुर्कस्तानशी करार करून कामगार आणले. ते काही वर्षांत परत जातील, अशी अपेक्षा होती. पुष्कळांनी तेथेच संसार थाटले. पूर्व युरोपातील देश २००४ पासून संघात आले, तेव्हा त्यांचे तरुण पश्चिमेकडे निघाले. लाटव्हियाची लोकसंख्या १९८९ साली २६ लाखांहून अधिक होती, ती २०२१ पर्यंत १९ लाखांच्या आत आली. इटलीत वृद्धांची घरी राहून देखभाल करणाऱ्या बाईला ‘बादान्ते’ म्हणतात. या स्त्रिया बहुधा रुमानिया, युक्रेन किंवा मोल्दोव्हा येथून आलेल्या असतात. त्यांच्याविना इटलीतील असंख्य घरे चालणार नाहीत. एका देशाच्या म्हातारपणाची सोय अशी दुसऱ्या देशातील घर रिकामे करून लागते. रोममधील आजीला वेळेवर औषध देणाऱ्या बाईची स्वतःची आई आणि मुले गावी कुणा नातेवाइकाच्या आधाराने राहतात.

ही साखळी आता भारतापर्यंत आली आहे. केरळमधील परिचारिका जर्मनीतील रुग्णालयांत जाऊ लागल्या आहेत. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याबाबत करार केला. परिचर्या, विद्युतकाम, नळकाम, वाहनचालन अशा कामांचा त्यात विचार झालेला आहे. अशा कामांसाठी जाणाऱ्याला प्रथम जर्मन भाषा शिकावी लागते. परिचारिकेला तर येथील शिक्षणाला जर्मनीत मान्यता मिळेपर्यंत साहाय्यक म्हणूनच काम करावे लागते. अनेक वर्षे रुग्णालयाचा विभाग सांभाळलेल्या अनुभवी परिचारिकेलाही हा नियम चुकत नाही.